गलेफ

तिसगावच्या फाट्यावर एस.टी.तून उतरल्या उतरल्या भागिरथीबाईंनी पायांतल्या वहाणा काढल्या, एकीत एक अडकवून पिशवीच्या तळाशी घातल्या आणि पदर डोक्यावर ओढून मढीच्या रस्त्याला लागल्या. गहिनीनाथने टपावरून गाठोडं उतरवून घेईपर्यंत त्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या. तो लांब ढांगा टाकत त्यांच्या बरोबरीला आला.

"मामी, वहाणा घाला. फुफाटा तापलाय."

"अनवानी यीन म्हनून बोलले हुते."

तो गाठोडं खांद्यावर टाकून चालू लागला. माघ अजून सरला नव्हता, तरी ऊन चैतासारखं होतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. दोन्ही बाजूंच्या रानांत ढेकळं होती तशीच पडून होती, आणि बाभळींच्या खालच्या फांद्या जनावरांनी ओरबाडून नेल्या होत्या. पुढे रस्त्याचं दुष्काळी काम चाललं होतं. डोक्याला फडकी बांधलेल्या बाया ओळीने बसून खडी फोडत होत्या. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या एका बाईने हातोडी थांबवली आणि भागिरथीबाईंना सावलीला बोलावलं.

"टेका घडीभर, मावशी. कुठलं गाव?"

"कर्जतकडलं. रेहेकुरीच्या अंगाचं."

"अन् ह्यो लेक तुमचा?"

"जावई."

बाईने साहजिकच मागे नजर टाकली, लेक कुठे दिसते का म्हणून. रस्ता रिकामा होता. तिने एकदा गहिनीनाथच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातोडी पुन्हा उचलली.

"जावा सावकाश," ती म्हणाली. "आमच्यासाठी बी हात जोडा."

भागिरथीबाईंची लेक राही जाऊन तीन महिने झाले होते. गहिनीनाथ शेवगावला वीज मंडळात लाइनमन होता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पोटातलं दुखणं म्हणून सुरुवात झाली. नगरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं आणि मुंबईच्या इस्पितळाने आषाढात, आता घरीच ठेवा, असं सांगून परत पाठवलं. त्याच आठवड्यात भागिरथीबाई लेकीजवळ राहायला आल्या. कंपाउंडर येऊन सुई टोचून जायचा. आधी सुईने रात्र निघायची, मग अर्धी रात्र, मग काहीच नाही. श्रावणात गल्लीतल्या बायका आपली पोरं दुपारची दुसऱ्या आळीला खेळायला पाठवू लागल्या. राहीचं ओरडणं त्यांच्या कानावर पडू नये म्हणून.

दिवाळीचा पाडवा झाला आणि ती गेली. भागिरथीबाईंनी तिची खाट उन्हात नेऊन टाकली, राखेने घासून धुतली, आणि ती खाट पुन्हा घरात आली नाही. तेराव्यानंतर गहिनीनाथ कामावर जाऊ लागला. सासूबाईही तिथेच राहिल्या. त्यांना कुणी राहा म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. त्या भाकरी थापायच्या, तो जेवायचा. मंडळातले लोक म्हणायचे, गहिनीनाथ सावरला. तो वेळेवर यायचा, विचारलेल्याचं उत्तर द्यायचा, तारा ओढायचा, फ्यूज बांधायचा. फक्त त्याला सगळं उशिरा पोचायचं. आज पहाटेच मढीला निघताना शेवगावच्या स्टँडवर चहाचा कप कलंडून त्याच्या हातावर सांडला होता. भागिरथीबाईंनी "पोळलं का?" असं विचारलं, तेव्हा त्याने हाताकडे पाहिलं, कातडी लाल झालेली दिसली, आणि मग तो म्हणाला, "हो."

मढीचं त्यांनी आठवड्यामागे काढलं होतं. ताटात आमटी वाढता वाढता त्या म्हणाल्या होत्या, "माघ सरायच्या आत कान्होबाला जायचंय. नवस ऱ्हायलाय. तिथनं मला घरी सोडा, छगनकडं." छगन हा राहीचा भाऊ. गहिनीनाथने रजा टाकली. कसला नवस, हे त्याला ठाऊक होतं असं त्याला वाटत होतं. आजारी लेकीची आई दुसरं काय बोलणार?

खडीच्या कामापासून पुढे गेल्यावर त्याने विचारलं,

"मामी, नवस राहीचाच ना?"

"व्हय."

"मग फेडायचा कशाला? ज्यानं ऐकलं नाही त्याला—"

आवाजात राग नव्हता. एखाद्या पोलवर तार कुठल्या बाजूने आली आहे हे विचारावं तसं त्याने विचारलं होतं. भागिरथीबाई थांबल्या नाहीत.

"बोललेलं फेडावं लागतं," त्या म्हणाल्या. "चला, ऊन चढतंय."

टेकडीवरचा गड दूरवरून दिसत होता. पायथ्याला दुकानांच्या पालांतून रेवड्यांचे ढीग मांडलेले होते. होळीपासूनच्या यात्रेला अजून अवकाश होता, त्यामुळे गर्दी नव्हती. दोन धनगर काठीला भगवं निशाण बांधत बसले होते. त्यांच्यापलीकडे टोपी घातलेला एक तरुण आपल्या बायकोच्या कडेवरचं तान्हं मूल स्वतःकडे घेत होता. पायऱ्यांवर एक गोसावी धुनीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "अलख" म्हणत होता. त्या तरुणालाही तो "अलख" म्हणाला आणि तरुणाने "सलाम, महाराज" म्हणत त्याच्यापुढे नाणं ठेवलं. कान्होबा म्हणा, शाह रमजान म्हणा, मढीत दोन्ही नावांनी हाक मारणारे एकाच पायऱ्यांनी वर जात. गहिनीनाथचं नावही नाथांचंच. त्याच्या आईने ते हौसेने ठेवलं होतं. लहानपणी तो या पायऱ्या पळत चढला होता. आता भागिरथीबाईंच्या चालीने तो एकेक पायरी चढला.

आत गारवा होता आणि ऊद जळत होता. समाधीवर भगवी शाल होती, तिच्यावर वाळत चाललेल्या फुलांची चादर. म्हातारा मुजावर मोरपिसांचा कुंचा मांडीवर घेऊन बसला होता. ते तरुण जोडपं पुढे होतं. मुलाच्या कपाळावरून कुंचा फिरवून झाला, मुजावराने ओठांतल्या ओठांत काही म्हटलं, आणि जोडपं बाजूला सरून रेवड्यांचा पुडा सोडू लागलं.

भागिरथीबाई खांबाला टेकून खाली बसल्या. तळपायांची आग होत असावी. त्यांनी ते थंड फरशीवर सपाट टेकवले. पिशवीतून त्यांनी मलिद्याचा डबा काढला, नारळ काढला, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, समाधीवर घालायचा हिरवा गलेफ काढला. त्याला चारी बाजूंनी जरीची बारीक किनार होती. ती त्यांनी स्वतः लावली होती. शेवगावच्या घरात, दुपारच्या वेळी, दाराकडे तोंड करून त्या काहीतरी शिवत बसलेल्या गहिनीनाथला दिसायच्या. काय शिवता, असं त्याने कधी विचारलं नव्हतं.

मुजावराने गलेफाच्या कापडावरून बोट फिरवलं.

"कशाचा नवस, बाई?"

"लेकीचा."

"लेकरू झालं?"

"न्हाई. दुखनं हुतं."

"मग बरी झाली?"

"सुटली," भागिरथीबाई म्हणाल्या.

मुजावराचं बोट किनारीवर थांबलं. त्याने वर पाहिलं.

"काय मागितलं हुतं?"

"पोळ्याच्या टायमाला आल्ते. ह्याच खांबाशी बसले हुते. म्हनलं, बरी कर म्हनत न्हाई मी आता. बरी ती व्हनार न्हाई. पर तिला मोकळी कर. लौकर कर. गलेफ घालीन, अनवानी यीन." त्या नारळाची शेंडी नीट करत बोलत होत्या, जणू बाजारातला भाव सांगत होत्या. "दिवाळीला मोकळी केली."

तान्ह्या मुलाच्या आईने ओढणीचं टोक मुलाच्या तोंडावर ओढून घेतलं. मग तिचं तिलाच काही वाटलं असावं. ती उठून दूर गेली नाही, उलट थोडी सरकली आणि भागिरथीबाईंच्या पायांना जागा करून दिली.

"नाव काय लेकीचं?" मुजावराने विचारलं.

"राही."

त्याने डोळे मिटून दुवा मागितली. त्या अनोळखी शब्दांत मध्येच राहीचं नाव आलं आणि पुढे गेलं. मग तो गुडघ्यांवर हात देऊन उठला आणि गहिनीनाथकडे वळला.

"तुम्ही जावई ना? या. धरा हे टोक."

गहिनीनाथ पुढे झाला. त्याने टोक धरलं. कापड ताणलं गेलं, हवेने थोडं फुगलं, आणि समाधीवर बसलं. त्याच्या बाजूला एक चुणी राहिली होती. त्याने ती हाताने सारखी केली. हे सगळं त्याच्या हातांनी केलं. तो मागे सरला, वाकला, आणि मुजावराने पाठीवर कुंचा मारल्यावर बाहेर आला.

बाहेरच्या तटाला टेकून तो उभा राहिला. खाली खडीच्या कामावरच्या बाया मुंग्यांसारख्या दिसत होत्या. पोळा. पोळ्याच्या सुमाराला मामी म्हणाल्या होत्या, छगनकडे जाऊन येते, बैलांची पूजा हाय, सून एकटी पडंल. दोन दिवसांनी परत आल्या होत्या. राहीने विचारलं होतं, "आई, घरी समदं बरं?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "बरं हाय." मग त्यांनी राहीचे केस विंचरले होते. गहिनीनाथ तेव्हा दारात बूट चढवत होता.

भागिरथीबाई बाहेर आल्या. त्यांनी द्रोणात मलिदा आणला होता. त्याने तो घेतला, थोडा वेळ हातात धरला, आणि तटाच्या दगडावर ठेवून दिला. त्यांनी ते पाहिलं. दोघं पायऱ्या उतरू लागले तेव्हा वरून कावळ्यांचा आवाज आला. दोघांपैकी कुणी मागे वळलं नाही.

तिसगावपर्यंत तो दोन पावलं पुढेच चालत राहिला. नगरच्या गाडीत त्यांना वेगवेगळ्या जागा मिळाल्या. त्याला बरं वाटलं. खिडकीतून वाऱ्याबरोबर माती आत येत होती. शेजारचा माणूस अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीबद्दल बोलत होता, तिची भाकरी कशी तुटते, जनावरंसुद्धा कशी तोंड फिरवतात. गहिनीनाथ मान डोलवत होता.

नगरच्या स्टँडवर कर्जतची गाडी लागायला वेळ होता. शेवगावची गाडी मात्र समोरच उभी होती, आणि कंडक्टर दाराशी उभा राहून प्रवाशांना घाई करत होता. गहिनीनाथने त्या गाडीकडे पाहिलं. मामींना कर्जतच्या गाडीत बसवून देता आलं असतं. कर्जतला छगनला निरोप पोचला असता. रजा उद्याच्याही दिवसाची होती, पण तिचं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. तो उभा होता तिथेच उभा राहिला आणि शेवगावची गाडी धूर सोडत निघून गेली.

भागिरथीबाई गाठोड्यावर बसल्या होत्या. त्यांनी अजूनही वहाणा घातल्या नव्हत्या. तो त्यांच्याशेजारी उकिडवा बसला.

"पोळ्याला तुम्ही छगनकडं गेलाच नव्हता."

"न्हाई."

"मला का सांगितलं नाही?"

त्यांनी पदराने तोंडावरची माती पुसली.

"सांगितलं आसतं तर तुमचा बी वाटा झाला आसता त्यात," त्या म्हणाल्या. "माझं काय, मी पिकलं पान. तुमाला अजून लई दिस काढायचेत. उद्या दुसरं लगीन कराल, संसार मांडाल. हे वझं कशाला संगं?"

"आज टोक धरलं की मी."

"ते मुजावरानं धराया लावलं. त्याला काय ठावं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुमी बाहीर उभं ऱ्हाताल. आत याल आसं वाटलं नव्हतं."

कर्जतची गाडी आली. त्याने गाठोडं उचललं, खिडकीतून जागा धरली, आणि त्यांना हात देऊन वर चढवलं. त्यांचा हात खरबरीत आणि गरम होता. ही गोष्ट त्याला लगेच कळली, उशिरा नाही.

छगनचं घर रेहेकुरीच्या माळाच्या कडेला होतं. तो जंगलखात्यात वाचमन होता. ते पोचले तेव्हा दिवस मावळत होता. बहिणीच्या मागे पहिल्यांदाच दाजी घरी आलेले, म्हणून छगन त्यांच्याशी नेमकं काय बोलावं या विचारात पडलेला दिसत होता. त्याच्या बायकोने, भीमाबाईने, सासूचे पाय पाहिले आणि काही न विचारता कोमट पाण्याची परात आणून ठेवली. जेवणं झाली. छगन शेवटी आपल्या कामाबद्दल बोलू लागला. माळावरची पाणवठ्याची डबकी आटली होती. हरणं गावाच्या विहिरीपर्यंत येऊ लागली होती आणि कुत्री त्यांच्या मागे लागत होती. म्हणून साहेबांनी माळाच्या मध्यावर सिमेंटची कुंडी बांधून दिली होती. छगन रोज सकाळी बैलगाडीतून पाण्याचं टिपाड नेऊन ती भरत होता.

"मानसाला पानी न्हाई अन् हरनाला कशाला, आसं म्हनत्यात गावात," तो म्हणाला. "आता हरनं राखायचा कायदा बी झालाय नवा. पर कायद्याचं जाऊ द्या, दाजी. एकदा ती पानी पिताना बघितली की मानूस काय म्हनत न्हाई. येता का उद्या?"

गहिनीनाथने येतो म्हटलं, कारण नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही.

सकाळी निघताना भागिरथीबाईही गाडीत येऊन बसल्या. "मला बी बघू दे. लई दिस झालं," त्या म्हणाल्या. आज त्यांच्या पायांत वहाणा होत्या. माळ पिवळा पडला होता. मध्येच एखादं हिवराचं झाड, तरवडाची झुडपं, आणि बाकी नजर पोचेल तिथवर वाळलेलं कुसळी गवत. कुंडीपासून थोड्या अंतरावर एका हिवराखाली छगनने दोघांना बसवलं.

"हितनं हलू नका. बोलायचं आसंल तर अगदी हळू. मी गाडी बांधापल्याड नेतो. गाडी दिसली की ती येत न्हाईत."

त्याने टिपाड कुंडीत उपडं केलं. पाणी पडल्याचा आवाज थांबला, बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब गेला, आणि मग तोही ऐकू येईनासा झाला.

ते बसून राहिले. वारा नव्हता. कुंडीतलं पाणी हळूहळू निवळून स्थिर झालं आणि त्यात आभाळ दिसू लागलं. भागिरथीबाई समोर पाहत होत्या. इथेच कुठेतरी शेरडांमागे राही लहानाची मोठी झाली होती, हे गहिनीनाथला माहीत होतं. त्याबद्दल त्या काही बोलतील असं त्याला वाटलं.

शेवटी तोच बोलला. आवाज इतका खाली होता की त्याचा त्यालाही नीट ऐकू आला नाही.

"मामी, त्या दिवसांत मला रोज उशीर व्हायचा."

"व्हय."

"लाइन बिघडली म्हणायचो मी. लाइन काही रोज बिघडत नव्हती." त्याने गवताची एक काडी मोडली. "काम व्हायचं. खालचा गडी घरी जायचा. मी पोलवरच बसून राहायचो, पट्टा बांधून. आपल्या गल्लीकडं दिवे लागलेले दिसायचे वरून. अंधार पडला की उतरायचो. दारात आलो की आधी कान द्यायचो. आवाज नसला की वाटायचं—"

भागिरथीबाईंनी मान वळवली नाही.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"राहीला बी ठाऊक हुतं. तो धाकला गडी तुमचा, एकदा तुमची पक्कड द्याया घरी आल्ता. म्हनला, काम कवाच झालं, मालक वरच बसल्यात."

गहिनीनाथने काडी खाली टाकली.

"मला राग आल्ता तवा," भागिरथीबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? बायको मराया टेकली अन् हा गडी खांबावर बसून ऱ्हातो, आसं मी तिच्या तोंडावर बोलले. तर ती म्हनली, आसू दे, आई. तिथं वारा आसंल."

समोर गवत हललं. भागिरथीबाईंनी बोट ओठांवर ठेवलं.

आधी एक मादी आली. ती कुंडीपासून दूर थांबली, मान उंच करून तिने सगळीकडे वास घेतला, आणि मग पुढे झाली. तिच्या मागून दुसऱ्या आल्या, मग पाडसं, आणि बघता बघता पिवळ्या गवतातून वीस-पंचवीस हरणं कुंडीभोवती जमली. त्यांच्या बरगड्या दिसत होत्या. ती आळीपाळीने पीत होती. एक पीत असली की दुसरी मान वर करून उभी राहत होती. सगळ्यात शेवटी काळवीट आला. पाठ काळीभोर, पोट पांढरं, पिळाची लांब शिंगं मागे झुकलेली. तो कळपात मिसळला नाही. बाजूला उभा राहून त्याने माळाकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. त्याची नजर झाडाखालच्या दोघांवरून गेली आणि काही न धरता पुढे सरकली.

गहिनीनाथ त्याच्याकडे पाहत होता. तिथं वारा आसंल. खरंच असायचा. पोलवर संध्याकाळी वारा असायचा, अंगातला घाम वाळायचा, आणि खाली कितीही उकडत असलं तरी वर गार वाटायचं. खाटेवर पडलेल्या राहीला ते कसं कळलं असेल? ती कधी पोलवर चढली नव्हती.

त्याच्या घशातून एक आवाज निघाला. तो रडण्यासारखा नव्हता. बांधून ठेवलेलं जड काहीतरी घसरावं तसा होता, आणि त्याच्यामागून दुसरा आला. त्याने तोंडावर हात दाबला, पण आवाज थांबेना.

कुंडीवरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. काळवीट जागच्या जागी उंच उडाला, आणि त्याच्यामागे अख्खा कळप उड्या घेत गवतातून निघाला. कुंडीतलं पाणी हिंदकळत राहिलं.

"गेली," गहिनीनाथ हाताआडून म्हणाला. "माझ्यामुळं गेली."

"येतील परत," भागिरथीबाई म्हणाल्या. त्यांनी आपला हात त्याच्या पाठीवर ठेवला, मुजावराचा कुंचा पडला होता तिथेच कुठेतरी. "तान हाय त्यांना. कुठं जात्यात? तुमी येऊ द्या रडू."

बांधापलीकडे छगन उठून उभा राहिला होता. हरणं का उधळली ते त्याला कळलं नव्हतं. एक हात डोळ्यांवर धरून तो झाडाच्या दिशेने पाहत होता, आणि मग तो बांध ओलांडून इकडे यायला निघाला.

भागिरथीबाईंनी दुसरा हात वर केला आणि त्याला तिथेच बस अशी खूण केली.